घैमाची नजर

१

शिकारीला जाण्यात खरी मजा कशात असते, यावर आमचं तिघांचं कधी एकमत झालं नाही. अबू सत्ताम म्हणायचे, शेकोटीवरची कॉफी. घरची कॉफी हे औषध, माळावरची ती कॉफी. माझं उत्तर जरा लाजिरवाणं होतं. तिथे मला कुणी काही विचारत नाही, हीच माझी मजा. माझा मेहुणा जदान मात्र आम्हा दोघांनाही वेड्यात काढायचा.

“अरे, टोपी काढायची वेळ! बाकीची सगळी हमाली.”

टोपी म्हणजे घैमाच्या डोळ्यांवरची कातडी टोपी. घैमा ही जदानची ससाण्याची मादी. शिकारीला मादीच घ्यायची, ती नराहून मोठी आणि धीट. सकाळी ऊन कोवळं असताना जदान पिकअपच्या मागच्या हौद्यात उभा राहायचा. एक वादी दातात, दुसरी बोटांत धरून टोपी सोडवायचा. घैमा अंग झाडायची आणि सावकाश माळावरून नजर फिरवायची. आपल्याला काय दिसतं? काळे गोटे आणि आभाळ. तिला दूरच्या टेकाडाखाली दबून बसलेला हुबारा दिसायचा. माळढोकाच्या जातीचा पक्षी, रंग असा की बसला की माती. मग तिची मान ताणायची, डोकं किंचित वर-खाली व्हायचं आणि नजर एका जागी खिळायची.

“बघितलं तिनं,” जदान हळूच म्हणायचा. “आपण अजून नाही बघितलं. ह्या मधल्या वेळासाठी मी जन्मभर पेट्रोल जाळायला तयार आहे.”

खरं सांगायचं तर मलाही तेच आवडायचं. तिच्या नजरेच्या रेषेत आपली नजर लावायची आणि गाडी सोडायची. समोर काय आहे हे माहीत नसताना तिच्यावर विश्वास टाकायचा.

त्या थंडीत पाऊस वेळेवर झाला होता. हमादचा माळ मऊ पडला होता. तुरैफ गावातल्या माझ्या घराच्या फाटकातून आम्ही निघालो आणि दक्षिणेला दिवसभर गेलो. मागे वळून पाहिलं की चाकांच्या दोन खोल रेघा, आखणी केल्यासारख्या, पार क्षितिजापर्यंत दिसायच्या. माझं काम रस्त्यांच्या मोजणीचं. त्या रेघा पाहून मला बरं वाटलं होतं.

२

पहिले दिवस छान गेले. हुबारे मिळाले, भात झाला, अबू सत्तामांनी भाजलेल्या कॉफीचा वास तंबूच्या कापडात मुरला. अबू सत्ताम माझ्या वडिलांचे मित्र. वडील गेल्यावर माझ्या घरचं कुठलंही कार्य त्यांच्याशिवाय झालं नाही.

मग एका सकाळी जदाननं टोपी काढली आणि घैमानं अंग झाडलंच नाही.

तिनं एकदम दक्षिणेला मान वळवली आणि तिची सगळी पिसं अंगाला चिकटली. इतकी की ती निम्मी दिसायला लागली. ससाणा असा बारीक होतो तो वर गरुड आला तर. आम्ही तिघांनीही वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

“वर नाही बघत ती,” मी म्हटलं. “जमिनीवर बघते आहे.”

“मग कोल्हा असेल.”

“कोल्ह्याला ही घाबरते? गेल्या वर्षी कोल्ह्याच्या पाठीवर बसली होती.”

“फलाह, तू मोजणी कर बाबा, पक्ष्यांचं माझ्यावर सोड.” जदाननं टपावर थाप मारली. “चल!”

मी गाडी दक्षिणेला सोडली. बराच वेळ गेलो. ना पिसं, ना विष्ठा, ना पावलांची माळ. थांबलो. जदाननं पुन्हा टोपी काढली आणि घैमानं मान गर्रकन मागे वळवली. आता ती उत्तरेला बघत होती. जिथून आम्ही आलो, तिकडे.

“पळाला हुबारा बाजूनं,” जदान म्हणाला. त्याचा आवाज अजून खुशीत होता.

परत फिरलो, तंबूपाशी आलो. टोपी काढली. ती पुन्हा दक्षिणेला बघायला लागली.

म्हणजे जे काही होतं ते मधेच कुठेतरी होतं आणि आम्ही त्याच्या बाजूनं दोनदा गेलो होतो. मी हे बोलून दाखवलं. अबू सत्ताम शेकोटीतली काटकी विनाकारण उलटसुलट करत बसले.

३

तिचे डोळे बिघडले असावेत, असं मी ठरवलं. जदाननं कबुतराचा पंख दोरीला बांधून दूरवर फिरवला. ती त्याच्यावर बाणासारखी गेली, पकडून बसली. डोळे ठणठणीत होते. पण हातावर परत घेतल्याबरोबर पुन्हा दक्षिण, पुन्हा तेच बारीक अंग.

आता मला राहवेना. तंबूच्या खुंट्या आणि सुतळी घेऊन मी म्हटलं, “जदान, तू इथे उभा राहा. ती बघते त्या रेषेत मी खुंट्या ठोकतो. मग तिकडे दूर जाऊन तेच करू. दोन रेषा जिथे मिळतील तिथे ती बघते आहे.”

“वा इंजिनियरसाहेब! हुबाऱ्याला रस्ता बांधून देणार का?”

“उभा राहा म्हटलं ना.”

रेषा मिळाल्या. मी त्या जागी पायी गेलो. गोट्यांचा सपाट तुकडा, मुठीएवढं झुडूपही नाही. मी तिथे उभा राहून हात हलवला. दूर जदान ठिपक्याएवढा दिसत होता. परत आलो तेव्हा तो हसत नव्हता.

“तू गेलास, तेव्हा ती तुझ्याकडे बघतच नव्हती,” तो म्हणाला. “तुझ्या जरा अलीकडे बघत होती. तू परत यायला लागलास तशी नजर तुझ्या पुढे पुढे सरकत आली. आणि... तू थांबून चप्पल झाडलीस ना मधेच?”

“हो.”

“नजर नाही थांबली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा सुतळ्या लावल्या. रेषा आता कितीतरी जवळ मिळत होत्या. मी डोक्यात हिशोब केला आणि तो मला आवडला नाही. धावणाऱ्याची ही चाल नव्हती. कुठे पोचायचं हे ठाऊक असलेला, घाई नसलेला माणूस चालतो, तशी ती चाल होती.

“ऊन तापलं की हवा थरथरते,” मी म्हटलं. “पक्ष्याला काहीतरी दिसत असेल त्यात.”

“थंडीत?” अबू सत्तामांनी विचारलं. पहिल्यांदाच ते या विषयावर बोलले होते. “पोरांनो, आवरा. घरी जाऊ.”

“एका पक्ष्याच्या मानेवरून?” जदान उसळला. “लोक विचारतील, काय मारून आणलंत? सांगू, सुतळी?”

अबू सत्तामांनी कॉफीची दल्ला निखाऱ्यावर ठेवली. ती पितळी दल्ला त्यांच्या वडिलांची होती, लांब चोचीची.

४

दुपारचं ऊन कलत होतं. आम्ही तंबूच्या तोंडाशी ओळीनं बसलो होतो, पाय पसरून, माळाकडे तोंड करून. जदाननं घैमाला हातावर घेतलं होतं, टोपी काढून. टोपी घातली की तो जास्त अस्वस्थ व्हायचा.

तिची नजर आता क्षितिजावर नव्हती. हळूहळू खाली उतरत होती. लांब बघणारा डोळा आणि जवळ बघणारा डोळा यातला फरक ससाणेवाल्याला कळतो. जदाननं ओठ चाटले.

“शेकोटीच्या पलीकडे,” तो पुटपुटला.

वारा नव्हता. कॉफीची वाफ सरळ वर चढत होती. मी समोर बघत होतो, अगदी रोखून. समोर गोटे होते, गाडीचं चाक होतं, अबू सत्तामांची काठी होती. दुसरं काहीही नव्हतं हे मी आजही शपथेवर सांगेन.

घैमाची मान वळायला लागली. सावकाश, एका लयीत, डावीकडून उजवीकडे, आमच्या समोरून कुणी जात असावं तशी. ती जेव्हा अबू सत्तामांच्या समोर आली, तेव्हा म्हाताऱ्यानं पाय आखडून घेतले. बसलेल्या ओळीपुढून पाहुणा जायला लागला की आपण घेतो तसे. थोडे उठलेदेखील, एक हात जमिनीवर टेकून.

मग तिची मान माझ्यावरून पुढे गेली आणि उत्तरेला स्थिर झाली. वाफ सरळच होती.

“काय दिसलं?” मी विचारलं.

“काही नाही,” अबू सत्ताम म्हणाले. ते स्वतःच्या पायांकडे बघत होते. “मी नाही घेतले पाय. त्यांनी आपले आपण घेतले.”

जदान उठून उभा राहिला होता. “गेलं ना पण? गेलं! आपल्याशी काही देणंघेणं नव्हतं त्याचं. जाऊ दे की.”

“कुठे गेलं ते बघ,” मी म्हटलं.

घैमा आमच्या चाकांच्या दोन रेघांच्या बरोबर मधे बघत होती. त्या रेघा माझ्या फाटकापासून निघाल्या होत्या. माझी बायको फिद्दा, जदानची सख्खी बहीण, दोन पोरींना घेऊन तिथे एकटी होती.

५

तंबू कसाबसा कोंबला आणि निघालो. त्या घाईत टोपी कुठे पडली कुणास ठाऊक, घैमा उघड्या डोळ्यांनी जदानच्या हातावर माझ्या शेजारी बसली होती. अबू सत्ताम दाराशी.

तुरैफला जायला दुसरी वाट नव्हती. एका अंगाला पाणी साचून चिखल झाला होता, दुसऱ्या अंगाला लाव्हाचे धारदार दगड. आमच्याच रेघांवरून जावं लागलं. मी वेग वाढवला. घैमा समोरच्या काचेतून बघत होती, अंग आवळून.

“हळू चालव,” जदान म्हणाला. लगेच म्हणाला, “नाही, जोरात. जोरात चालव.”

मग तिची मान वळली. समोरच्या काचेवरून माझ्या बाजूच्या खिडकीवर. माझ्या चेहऱ्याच्या पलीकडे, हातभर अंतरावर. मी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत राहिलो. बाजूला बघितलं असतं तर काय दिसलं असतं, हा विचार मी अजून पुरता केलेला नाही. खिडकीची काच आतून धुरकट झाली आणि पुन्हा निवळली. घैमाची नजर मागच्या काचेकडे गेली.

“ओलांडलं,” जदान म्हणाला आणि रडायला लागला. तीस वर्षांचा दांडगा माणूस, पक्ष्याला सांभाळत मुकाट रडत होता.

पुरेसं पुढे आल्यावर मी गाडी थांबवली. तंबूचं जाड कापड काढलं, त्यात दगड भरले, दोरांनी मागे बांधलं आणि पुढची सगळी वाट ते ओढत नेलं. मागे रेघा पुसल्या जात होत्या. माती सारवल्यासारखी सपाट.

“आता कुठून कळणार त्याला?” जदाननं विचारलं.

अबू सत्ताम म्हणाले, “वाट विचारत येणारा असता तर वाट पुसून उपयोग होता, बाळा.”

६

“रिकाम्या हातानं?” सकाळी आम्ही पोचलो तशी फिद्दा दारातच हसली. “दोघे वाघ आणि एक म्हातारा सिंह, आणि मला कोंबडीच शिजवायची आहे का?”

जदान एरवी बहिणीला पुरून उरतो. त्या दिवशी तो तिच्या बाजूनं आत गेला आणि सरळ जिना चढून गच्चीवर. मागून मी गेलो. घैमा दक्षिणेला बघत होती. क्षितिजावर.

दुसऱ्या दिवशीही. फक्त क्षितिजावर नाही, त्याच्या अलीकडे.

आम्ही पाळीपाळीनं गच्चीवर बसलो. मी स्वतःला पुष्कळ समजावलं. माळावर तीन माणसं एकटी पडली की एकमेकांची भीती खातात, पक्ष्याला ती कळते, तो घाबरतो, त्याला पाहून माणसं घाबरतात. चांगला युक्तिवाद होता. तो संपला की मी पुन्हा तिच्या मानेकडे बघायचो.

नजर गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आली, तेव्हा मी फिद्दाला म्हटलं, “पोरींना घेऊन अरअरला मावशीकडे चल. आत्ता.”

“कशासाठी? ह्या पाखरासाठी?” तिनं कमरेवर हात ठेवले. “अबू रीम,” थोरल्या पोरीच्या नावानं ती मला हाक मारते, “तुम्हाला ताप आहे का? जदान, तू तरी सांग ह्यांना.”

जदान जिन्यात उभा होता. “जा, ताई,” तो म्हणाला.

फिद्दा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं पोरींच्या चपला शोधायला घेतल्या.

“तुम्ही पण चला,” मी अबू सत्तामांना म्हटलं.

“आणि घर कुणी बघायचं? पाहुणा येणार आणि दाराला कुलूप?” त्यांनी बाह्या सावरल्या. “वेलची कुठे ठेवतोस ते सांग.”

७

तिघींना सोडून मी परतलो तेव्हा दुपार उलटली होती. फाटक उघडं होतं. पलीकडच्या घरात रेडिओ चालू होता, कुणीतरी गालिचा झोडपत होतं.

“फलाह?” बैठकीतून अबू सत्तामांचा आवाज आला. अगदी हलका, झोपलेल्या मुलाच्या खोलीत बोलावं तसा. “चपला काढ. आत ये. मधून नको येऊस, भिंतीकडेनं ये.”

ते दाराशी बसले होते, शेगडीजवळ, वाढप्याच्या जागी. जदान कोपऱ्यात, घैमा त्याच्या हातावर, बोटाएवढी बारीक होऊन. आणि वर, मानाच्या जागी, जिथे माझे वडील पाहुण्याला बसवायचे, तिथली गादी दबली होती.

“बराच वेळ झाला येऊन,” अबू सत्ताम म्हणाले. “मी ओतली नाही. घर तुझं आहे.”

मला पळता आलं असतं. दार मागेच होतं. पण घरी आलेल्याला न विचारता पळायचं, हे माझ्या अंगात नव्हतं आणि अंगातल्या भीतीपेक्षा ते जुनं होतं. मी दल्ला डाव्या हातात घेतली, पेला उजव्या. मान खाली घातली. दल्लेच्या पितळी पोटात सगळी बैठक वाकडी होऊन उतरली होती: खिडकी, जदान, मी. आणि गादीवर कुणीतरी, छताला डोकं लागू नये म्हणून मान मुडपून, गुडघे छातीशी घेऊन. मोठ्या माणसानं पोरांच्या खेळघरात बसावं तसं.

मी दांडा सोडून डाव्या तळहातानं ते पितळ झाकून धरलं. चटका बसला, पण हात काढला नाही.

“या,” मी म्हटलं. “घर आपलंच आहे.”

कॉफी ओतून पेला पुढे केला. कुणी तो घेतला नाही. पण माझ्या बोटांत तो हलका होत गेला, अगदी सावकाश. पाहिलं तर तळाला गाळ.

आमच्यात पुरे झालं की पाहुणा रिकामा पेला हलवून परत देतो. तोवर ओतत राहायचं असतं. मी वाट पाहिली. पेला स्थिर होता.

“ओत,” अबू सत्ताम कुजबुजले.

मी ओतली. पुन्हा ओतली. दल्ला संपली, अबू सत्तामांनी दुसरी चढवली, वेलची कुटली. मशिदीतून बांग झाली तेव्हा मी वाकून पेला धरूनच होतो. एकाएकी मागे फडफड झाली. घैमानं सगळी पिसं फुलवली, अंग झाडलं आणि ती चोचीनं पंख साफ करायला लागली. गादी वर आली होती.

जदान भिंतीला टेकून खाली घसरला. “गेलं,” तो म्हणाला. “गेलं रे, फलाह.”

अबू सत्तामांनी माझ्या हातातला पेला घेऊन उजेडात धरला. “हलवला का?”

“नाही.”

त्यांनी मान डोलावली आणि शेगडीत आणखी दोन निखारे टाकले.

८

फिद्दा आठवड्यानं पोरींना घेऊन परतली. मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही, तिनं फक्त माझ्या भाजलेल्या तळहातावरून बोट फिरवलं.

थंडी संपता संपता जदाननं घैमाला गावाबाहेर नेऊन सोडून दिलं. ती इकडेतिकडे न बघता सरळ वर गेली. तो आता शिकारीला जात नाही. मीही नाही. अबू सत्ताम पुढच्या वर्षी वारले, त्यांच्या अंथरुणात, शांतपणे. दल्ला माझ्याकडे आली.

रोज दुपारी बांगेच्या आधी मी एक पेला ओतून मानाच्या जागेपुढे धरतो. तिथे आम्ही कुणाला बसू देत नाही. समोर कुणी आहे की नाही हे सांगणारे डोळे आता घरात नाहीत. काही दिवस पेला भरलेलाच परत येतो आणि मी तो मोरीत ओततो. काही दिवस तसं होत नाही.

मी मोजणीच्या कामावर बाहेर असलो की फिद्दा ओतते. परवा घरी आलो तर ती बैठकीच्या दारात ओढणी घट्ट धरून उभी होती.

“आज प्यायले,” ती म्हणाली.

“पेला हलवला?”

तिनं नकारार्थी मान हलवली आणि भिंतीच्या कडेनं, मधे पाय न ठेवता, शेगडीतले निखारे बघायला गेली.